श्रीपालचं धुराडं

"सांगा चाचा, कुठंय धूळ?"

श्रीपाल चौगुले शेडच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा होता. डोक्यावरचं त्याचं नवं यंत्र नुकतंच बंद झालं होतं आणि पंख्याची घरघर हळूहळू विरत होती.

मौलाचाचांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. अनवाणी पायांनी ते कोब्यावरून सावकाश चालत होते.

"तळपायाला काय लागतंय?" श्रीपालनं विचारलं.

"गार लागतंय."

"आणि धूळ?"

"न्हाई लागत."

...

श्रीपालच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

खरं तर श्रीपालला शिकायची होती धार. मध्ये ही धूळ कुठून कडमडली, ते सांगायला हवं.

साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढून तो फोरमन म्हणून निवृत्त झाला. कृष्णाकाठच्या गावी परतला आणि घरामागच्या रिकाम्या गोठ्याची त्यानं शेड केली. तिथं तो अडकित्ते घडवायला लागला. अडकित्ते असे देखणे, की सुपारीची सवय नसलेल्यालाही ती लागावी. मुठीला मोराची मान, सांध्याला पितळी खिळा, सगळं कसं मापात. खोट एकच होती. सुपारी कातरली जायची नाही, चिरडली जायची. चौदा अडकित्ते झाले आणि चौदांचीही तीच रड.

अडकित्त्याला खरी धार लावणारा माणूस पंचक्रोशीत एकच उरला होता. मौलाअली शिकलगार, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. त्यांनी धार लावलेल्या अडकित्त्यातून सुपारीची चकती पडायची ती इतकी पातळ, की फुंकर मारली तर उडून जावी. पण गेल्या तीस वर्षांत त्यांनी ही विद्या कुणाला दिली नव्हती. पोटच्या मुलालासुद्धा चाकाजवळ फिरकू दिलं नाही. त्याला एसटीत कंडक्टर केला.

श्रीपाल वर्षभर त्यांच्या ओसरीवर जाऊन बसला. रोज संध्याकाळी, न चुकता. शेवटी चाचाच कंटाळले.

"शिकवतो," ते म्हणाले. "पण खोलीत धूळ नको. तीनदा येईन बगायला. तिसऱ्यांदा बी घावली, तर हा विषय परत काढायचा न्हाई."

चाचांना दमा होता. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून श्वास गोळा करावा लागायचा. त्यामुळे ही अट ऐकून श्रीपालला नवल वाटलं नाही. म्हाताऱ्याची छाती नाजूक, धूळ सोसत नसणार. एवढंच ना? ज्यानं बॉयलरची धुराडी उभी केली, त्याला चिमूटभर धुळीचं काय?

पहिल्या खेपेला चाचांनी ट्यूबलाइटवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते श्रीपालच्या नाकासमोर धरलं आणि निघून गेले.

मग श्रीपालनं भिंतीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला. दुसऱ्या खेपेला चाचांनी माठावरचं झाकण उचललं. पाण्यावर राखाडी तवंग होता. पंखा दारातून वारा ओढायचा, धुळीला साऱ्या खोलीची प्रदक्षिणा घडवायचा आणि मगच बाहेर न्यायचा. चाचा पाणी न पिता गेले.

आज तिसरी खेप होती. शेवटची.

या वेळी श्रीपालनं कसलीच कसर ठेवली नव्हती. ग्राइंडरच्या बरोबर वर, आढ्याला, पत्र्याचं भलंमोठं हूड टांगलं होतं, तोंड खाली करून. त्याच्या माथ्यातून दहा इंची पाइप निघाला होता. पाइपाच्या टोकाला भंगारात मिळालेला ब्लोअर आणि त्याला दोन हॉर्सपॉवरची मोटार. तिथून धूळ थेट पाण्याच्या पिंपात जायची, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाळवणाला त्रास नको. हुडाचा पत्रा त्यानं आतून-बाहेरून घासून असा लख्ख केला होता, की खाली बसणाऱ्याला त्यात आपलं तोंड दिसावं.

गावची माणसं मुद्दाम बघायला यायची. श्रीपाल स्टुलावर चढून वर्तमानपत्राचा कागद हुडाच्या तोंडाशी धरायचा आणि सोडायचा. कागद वर जाऊन चिकटायचा.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तो म्हणायचा.

लोक माना वर करून बघत राहायचे. खिळ्याला एक मास्क लटकत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. एवढं यंत्र असताना मास्क कशाला, म्हणून तो तिथंच राहिला होता.

त्याची बायको पद्मावती या यंत्राला छत्री म्हणायची. "आमच्याकडं घरातसुद्धा छत्री उघडून बसतात," असं ती शेजारणींना सांगायची.

आज चाचा आले ते येताच म्हणाले, "अर्धा तास चालव ग्राइंडर."

श्रीपालनं अडकित्त्याचं एक पातं घेतलं आणि ते पातळ करायला बसला. चाचांसाठी त्यानं दाराशी, मोकळ्या वाऱ्यात, वेताची खुर्ची मांडली होती. चाचा खुर्चीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. समोरच्या भिंतीला टेकून उकिडवे बसले आणि अर्धा तास टक लावून श्रीपालकडे बघत राहिले. आपला हात बघताहेत असं वाटून श्रीपालनं हात जरा जास्तच ऐटीत चालवला.

चाचा हात बघत नव्हते.

अर्ध्या तासानं यंत्र थांबलं. चाचा उठले आणि ती अनवाणी फेरी सुरू झाली. आता ते ट्यूबलाइटपाशी पोचले. बोट फिरवलं. बोट स्वच्छ. दाराच्या चौकटीवरून फिरवलं, तेही स्वच्छ. माठात डोकावले, पाणी नितळ होतं. त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि उभ्या उभ्या प्यायले.

"सांगा ना चाचा. कुठंय?"

"खोलीत तर न्हाई."

गंगेत घोडं न्हालं. श्रीपालनं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. वर्षभराची ओसरी, दोनदा झालेली फजिती, आठ दिवस शिडीवर घालवलेल्या दुपारी, सगळं फळाला आलं होतं.

"मग कधी बसायचं शिकायला?"

"थांब की जरा," चाचा म्हणाले. "पातं किती घासलंस?"

"एक बाजू झाली."

"घासलेल्या लोखंडाची धूळ झाली आसंल."

"झाली की."

"ती खोलीत न्हाई."

"नाही. पिंपात गेली."

"समदी?"

"समदी म्हणजे... सगळीच."

"जाताना बगितलीस?"

...

श्रीपाल अडखळला. जाताना? धुळीला जाताना कोण बघतं? ती दिसेनाशी झाली, म्हणजे गेली. आजवर त्यानं तिचा मुक्काम शोधला होता. वाट कधी शोधली नव्हती. प्रश्न तसा साधा, पण त्याला तो दातात अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखा टोचायला लागला.

दारात पद्मावती चहा घेऊन उभी होती. चाचा तिच्याकडे वळले.

"पोरी, एक पांढरा रुमाल दे. धुतलेला."

रुमाल आला. आता भिंती पुसून बघणार, श्रीपालला वाटलं. पुसू दे खुशाल. भिंती त्यानं कालच धुतल्या होत्या.

चाचांनी घडी मोडली. रुमाल दोन्ही बाजूंनी उजेडात धरला. डाग नव्हता. मग तो श्रीपालच्या हातात दिला.

"नाक शिंकर."

"काय?"

"नाक. शिंकर."

श्रीपालचा चेहरा तांबडा झाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, हाताखाली चाळीस कामगार राबलेले, आणि त्याला बायकोसमोर बालवाडीतल्या पोरासारखं नाक शिंकरायला सांगतात? रुमाल तोंडावर फेकून द्यावा असं क्षणभर त्याला वाटलं. पण वर्षभर ओसरी झिजवलेला माणूस रुमालापाशी येऊन परत फिरत नाही. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि होता नव्हता तो जोर लावला.

रुमाल उघडला.

...

काळं होतं. मध्ये दाट काळं आणि कडेला गंजासारखं तांबूस.

श्रीपालनं दुसरी नाकपुडी शिंकरली. तेच.

पद्मावतीनं चहा खाली ठेवला आणि जवळ येऊन रुमालात पाहिलं.

"आठ दिवस टॉर्च घेऊन शेड धुंडाळत होता," ती म्हणाली. "काखेत कळसा नि गावाला वळसा."

बोलणं चेष्टेचं होतं, पण आवाज चेष्टेचा नव्हता. ती घाबरली होती. नवऱ्याचा सकाळचा खोकरा ती महिनाभर ऐकत होती आणि पहाटेच्या थंडीवर ढकलत होती.

"हे कसं होईल?" श्रीपाल स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "एवढी मोटार. कागद वर चिकटतो. माठात कण नाही, ट्यूबवर कण नाही. मग नाकात कशी येते?"

चाचा थांबले. त्यांना श्वास घ्यायचा होता, की हा प्रश्न आणखी जरा शिजू द्यायचा होता, कोण जाणे.

"उदबत्ती हाय का घरात?"

पद्मावतीनं देव्हाऱ्यातून उदबत्ती आणली. चाचांनी पेटवली.

"बस तुज्या जागंवर. आत्ता बसला हुतास तसाच. मोटार लाव, चाक नको."

श्रीपाल ग्राइंडरवर वाकून बसला. डोक्यावर ब्लोअर घुमायला लागला. चाचांनी उदबत्ती चाकाच्या कडेला धरली, जिथं पातं टेकतं बरोबर तिथं.

"पोरी, धूर कुठं चाललाय सांग."

पद्मावती वाकली.

"वर चाललाय."

"सरळ?"

"हो... नाही. यांच्या हनुवटीला लागला. आता ओठावरनं..." ती थांबली. "अहो, सगळा तुमच्या नाकावरनं चाललाय."

तिनं सांगायची गरज नव्हती. मोगऱ्याचा वास श्रीपालच्या टाळूपर्यंत पोचला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं मान न हलवता नजर फक्त वर नेली. लख्ख पत्र्यात त्याचं तोंड दिसत होतं आणि दोन्ही गालांवरून धूर वर सरकत होता. यंत्र चोख चाललं होतं. चाकावरचा धूर ते इमानानं ओढत होतं, फक्त मध्ये जे काही होतं त्याच्यासकट.

त्याला खोकला आला. चाचांनी उदबत्ती बाजूला केली.

"धूर वर जातो," चाचा म्हणाले. "आपल्या पायानं जातो. म्हणून चुलीवर धुराडं." ते थांबले. "लोखंडाची धूळ कधी आपल्या पायानं वर गेलेली बगितलीस?"

ठिणग्या खाली पडतात, हे श्रीपाल तीस वर्षं बघत आला होता. धूळ बिचारी त्यांच्या मागोमाग खालीच निघाली होती. तिला त्यानं वर बोलावलं, आणि वाटेत स्वतः तोंड घेऊन बसला.

"वर का टांगलंस?"

तयार उत्तर होतं. जागा मोकळी राहते, ठिणग्या लागत नाहीत, पाइपाला वळणं कमी लागतात. फोरमनजवळ कारणांचा तुटवडा नसतो. श्रीपालनं तोंड उघडलं. मग हातातल्या रुमालाकडे पाहिलं.

"दिसावं म्हणून," तो म्हणाला.

...

श्रीपालला फार वाईट वाटलं. तीन खेपा संपल्या होत्या. ओसरी संपली, धार संपली. चौदा अडकित्ते आता जन्मभर सुपाऱ्या चिरडत बसणार.

चाचा चपला शोधत दाराकडे निघाले.

पण श्रीपालच्या डोक्यात ते टोचणं थांबलं नव्हतं. धूर नाकावरनं जातो, ठीक. मग तो खालून ओढला तर? गेलेली संधी काही परत येणार नव्हती, पण हे कळल्याशिवाय त्याला जेवण गेलं नसतं.

तो स्टुलावर चढला. हुडाच्या माथ्यावरची पट्टी ढिली केली आणि पाइप ओढून काढला. कोपऱ्यात लवचिक पाइपाचा तुकडा पडला होता, तो त्याला जोडला. दुसरं तोंड हातात धरून तो चाकाच्या मागं, खाली, ठिणग्या पडतात तिथं उकिडवा बसला.

"पद्मा, उदबत्ती धर गं. मोटार लाव."

धूर बोटभर वर आला. थबकला. मग मान वळवून खाली आला आणि पाइपात शिरला.

"बघितलंस?"

"बघितलं."

"आता लांब धरतो हं."

वीतभर लांब धरला, तरी धूर आला. दोन वितींवर काही आला, काही निसटला. हातभर लांब नेल्यावर धुरानं ओळखच दाखवली नाही, मजेत वर निघून गेला. श्रीपाल हसायला लागला. पाइप त्यानं डावीकडून धरून पाहिला, उजवीकडून पाहिला. तोंडाला पत्र्याचा तुकडा वाकवून लावला, तर दोन वितींवरचाही धूर वळून आला.

"म्हणजे जोराचं काम नाहीच हे," तो म्हणाला. "जवळ जाण्याचं काम आहे. पद्मा, एवढी मोठी मोटारसुद्धा लागणार नाही."

"आणि छत्री?"

"छत्री उतरवू. पत्रा चांगला आहे, दुसरं काही करता येईल."

"मग हे खाली लपलेलं बघायला कोण येणार?"

"नको येऊ दे कुणी," श्रीपाल म्हणाला. तो पुन्हा पाइपाचं तोंड वळवण्यात गुंतला होता. अट, खेपा, फजिती, सगळं विसरला होता. आपण किती वेळ असे जमिनीला नाक लावून बसलो आहोत, याचंही त्याला भान नव्हतं. चहावर साय धरली.

उदबत्ती संपली तेव्हा त्यानं मान वर केली.

चाचा गेले नव्हते. ग्राइंडरसमोरच्या स्टुलावर बसून होते.

श्रीपाल उभा राहिला. गुडघे झटकले. आता त्याला सगळं आठवलं.

"चाचा, अट हरलो मी," तो म्हणाला. "तिसऱ्यांदाही सापडली."

"सापडली."

"तुम्हाला मात्र उगाच तीन हेलपाटे पडले. मी आपला समजत होतो, तुमच्या छातीला सोसत नाही म्हणून ही अट. म्हणून खुर्चीसुद्धा दाराशी ठेवली."

चाचा हसले. हसण्यातून खोकला निघाला आणि बराच वेळ थांबेना. पद्मावतीनं पाणी दिलं. ते दोन घोट प्यायले.

"माज्या छातीत आता नवी धूळ मावंल कुठं?" ते म्हणाले. "ती केव्हाच भरली."

...

"मग कुणाच्या छातीसाठी?" पद्मावतीनं विचारलं.

चाचा पाण्याचं भांडं दोन्ही हातांत धरून बसले. पुढं जे बोलले ते त्या दोघांकडे न बघता.

"माजा धाकटा भाऊ हुता. दस्तगीर. धारेचं कुरुंदाचं चाक मी चामड्याच्या वादीनं ओढायचो, पातं तो धरायचा. वाकून धरायचा, तुज्यासारका. हात माज्यापरीस चांगला त्याचा. सुपारी कातरली तर आवाज यायचा न्हाई." त्यांनी श्वास घेतला. "घरातलं म्हातारं माणूस म्हणायचं, बाबांनो, तोंडाला फडकं बांदा. मी म्हणायचो, मर्दाला काय हुतंय?"

"मग?" श्रीपालनं विचारलं.

"बेचाळिसाव्या वर्साला गेला. शेवटाला ह्या खोलीतनं त्या खोलीत जायला दम न्हाई राहिला."

ते थांबले. या वेळी श्वासासाठी नाही.

"मीच बसवलं हुतं त्याला चाकावर. दोन गोष्टी शिकला माज्याकडनं. धार..."

...

"...आणि खोकला."

तीस वर्षं एका विद्येला कुलूप का होतं, ते श्रीपालला आता कळलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मुलाला कंडक्टर का केलं, आपल्याला ओसरीवर वर्षभर का बसवलं, सगळं समजलं, असं काहीतरी. पण बाहेर पडला तो एकच प्रश्न, तोही भीत भीत.

"आणि मी?"

चाचांनी ग्राइंडरवरचं अर्धं घासलेलं पातं उचललं. उजेडात धरलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि ते त्याच्या हातात दिलं.

"तू एकच शीक."